रूप बदलताना मधेच मुका होणारा रोबोट: दोष कुठे शोधायचा आणि घेताना काय पाहायचं

तक्रार जवळपास सारखीच असते. गाडीच्या रूपात हेडलाइट लागतात, इंजिनाचा आवाज येतो. छाती उघडली, कंबर फिरवली, पाय खाली ओढले आणि रोबोट उभा राहिला की डोळे लागत नाहीत, आवाज अर्ध्यात तुटतो. पुन्हा गाडी केली की सगळं सुरळीत. सेल बदलले की काही दिवस बरं चालतं, मग परत तेच. शेवटी कुणीतरी सांगतं, "बोर्ड गेलाय, दुसरं घ्या," आणि चांगलं महागाचं खेळणं माळ्यावर जातं.

आमच्या सोसायटीतल्या पोरांचे असे रोबोट माझ्याकडे येत राहतात. उघडून पाहिल्यावर बोर्ड खरोखर गेलेला फार क्वचित निघतो. आवाज आणि दिवे सांभाळणारी चिप बोर्डावर काळ्या, कडक थेंबाखाली बंद असते. तिला हवा लागत नाही, सहसा पाणीही लागत नाही, आणि तिच्यात हलणारं काहीच नसतं. बिघडतं ते सेलपासून त्या थेंबापर्यंतच्या वाटेवर: सेल, स्प्रिंग, खटका, आणि सगळ्यात जास्त वेळा सांध्यातून जाणारी तार.

असं का होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. १९८४ साली हॅसब्रोने जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रो चेंज या मालिकांमधले साचे घेऊन ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले, तेव्हा त्यातल्या बहुतेक खेळण्यांत वीज नव्हतीच. सगळी करामत बिजागऱ्या, खाचा आणि स्प्रिंगांची होती. रूप बदलायचं म्हणजे प्रत्येक भाग प्रत्येक भागापासून सुटा झाला पाहिजे, फिरला पाहिजे, सरकला पाहिजे. विजेचं नेमकं उलटं आहे. तिला एका जागी बसलेली, न हलणारी जोडणी हवी असते. दोन्ही एकाच प्लास्टिकच्या अंगात कोंबलं की ताण कुठेतरी येणारच, आणि तो येतो सांध्यावर. म्हणून दोष शोधताना आणि नवा रोबोट पारखतानाही मी आधी एकच गोष्ट बघतो: सेल कुठे आहेत, दिवे कुठे आहेत, आणि मधे किती सांधे आहेत.

आधी सोपं तपासा

खोक्यात असताना दुकानात दाबून बघता यावं म्हणून अनेक खेळण्यांत खटक्याला तीन जागा असतात: बंद, चाचणी आणि चालू. चाचणीवर ठेवलं तर एकच छोटा आवाज येतो आणि खेळणं गप्प होतं. खटका पाठीत किंवा चाकांच्या मधे लपलेला असतो. तो सरकवल्यावर 'बिघडलेला' रोबोट बोलायला लागतो, असंही होतं. काहींमध्ये सेलच्या कप्प्यातून बाहेर आलेली प्लास्टिकची पट्टी ओढून काढायची राहून जाते.

दुसरं म्हणजे, रूपांतर खरंच पूर्ण झालंय का ते बघा. रूप ओळखण्यासाठी आत एक छोटा पत्र्याचा खटका असतो. कंबर किंवा छाती शेवटच्या 'कट्ट'पर्यंत बसली की तो दाबला जातो आणि चिपला कळतं की आता रोबोट झाला. एक खिट्टी अर्धवट राहिली तरी चिपच्या लेखी ती अजून गाडीच असते, आणि डोळे लागणार नाहीत. पुस्तिकेतल्या क्रमाने, घाई न करता, प्रत्येक खिट्टी तिच्या खाचेत बसवून एकदा पूर्ण रूपांतर करा. जोर लावू नका. अडलं तर एक पायरी मागे या. बहुतेक वेळा आधीचा एखादा भाग पूर्ण वळलेला नसतो.

सेल

सेलवर काय छापलंय ते वाचा. पेन्सिल सेल 'आर०३' असेल तर तो साधा झिंक-कार्बन. 'एलआर०३' असेल तर अल्कलाइन. दुकानात नुसतं 'छोटे पेन्सिल सेल द्या' म्हटलं की हातात पडतात ते बऱ्याचदा झिंक-कार्बन. घड्याळाला आणि टीव्हीच्या रिमोटला ते चालतात, कारण त्यांना वीज थोडीशीच लागते. रोबोट मात्र स्पीकर, दिवे आणि असली तर मोटर एकदम चालू करतो. त्या क्षणी झिंक-कार्बन सेलचा दाब (व्होल्ट) खाली बसतो, चिप झोपते, दाब परत वर येतो, चिप जागी होते आणि पहिल्यापासून सुरुवातीची धून वाजवते. 'मधेच थांबतो आणि परत सुरू होतो' या तक्रारीत पहिला संशय इथेच घ्या.

चार्ज करता येणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, साधे १.५ चे. तीन सेलच्या खेळण्यात हा फरक ४.५ विरुद्ध ३.६ असा होतो. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट पुरतात, निळ्या किंवा पांढऱ्याला ३ च्या आसपास लागतात. म्हणून लाल डोळे झकास पण छातीतला निळा दिवा मिणमिणता, असं दिसलं तर तार शोधत बसू नका, सेलच कमी पडतायत. चार्जेबल सेलवर काही खेळणी उत्तम चालतात, काही अजिबात नाही. पुस्तिकेत वापरू नका म्हटलं असेल तर ते ऐका. नवे-जुने सेल मिसळू नका, हेही त्याच पुस्तिकेत असतं आणि तेही खरं आहे: तीनातला एक दमलेला सेल बाकीच्या दोघांनाही खाली ओढतो, आणि गळतो तोही तोच.

बटण सेलची गोष्ट जरा फसवी आहे. लहान रोबोटमध्ये बहुधा एलआर४४ असतो, ११.६ मिलिमीटर रुंद आणि ५.४ मिलिमीटर जाड. त्यालाच एजी१३ किंवा ए७६ असंही नाव असतं. नुसता काढून मल्टीमीटरवर (व्होल्ट आणि प्रवाह मोजायचं यंत्र) धरला तर थकलेला सेलही १.४ व्होल्ट दाखवतो आणि आपण म्हणतो, सेल तर चांगला आहे. मोजायचं ते आवाज चालू असताना. शक्य असेल तिथे कप्प्याचं झाकण काढून, खेळणं वाजत असताना सेलच्या दोन टोकांना मल्टीमीटरच्या तारा लावा. त्याच आकाराचा एसआर४४ सिल्व्हर ऑक्साइडचा येतो. महाग पडतो, पण संपत येईपर्यंत दाब जवळपास सपाट ठेवतो. ज्या रोबोटला एलआर४४ पुरत नाहीत, तिथे मी हाच घालतो. पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत दोन्ही मिळतात. पाकिटावरची तारीख बघून घ्या.

इथे थांबून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बटण सेलच्या कप्प्याला स्क्रू असतो तो मुलाच्या जिवासाठी. सीआर२०३२ सारखा २० मिलिमीटरचा लिथियम सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर जखम करू शकतो. मूल ठीक दिसतंय म्हणून वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. झाकणाचा स्क्रू हरवला असेल तर चिकटपट्टी लावून काम भागवू नका. तसाच स्क्रू मिळेपर्यंत सेल बाहेर आणि खेळणं वर.

गळती आणि पावसाळा

पुण्यात जून ते सप्टेंबर जी दमट हवा असते, ती माळ्यावरच्या खोक्यातही शिरते. स्प्रिंगवर आणि पत्र्यावर मळकट थर चढतो, आणि पुढे दिवाळीच्या साफसफाईत रोबोट खाली काढला की तो मुका. नुसता मंद थर असेल तर साधं खोडरबर पुरतं. घासा, भुगा झटका. सॅंडपेपर वापरू नका. पत्र्यावरचा निकेलचा पातळ मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसात गंज आणखी वेगाने येतो.

पांढरी भुकटी दिसली तर सेल गळलाय. अल्कलाइन सेलमधून येतं ते अल्कधर्मी पोटॅशियम हायड्रॉक्साइड. त्यावर इअरबडने थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावायचा, फसफसेल, मग किंचित पाण्याचा बोळा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. झिंक-कार्बनची गळती आम्लाकडे झुकणारी असते, तिथे खायच्या सोड्याचं पाणी. कुठला सेल गळलाय हे बघून ठरवा, दोन्ही एकदम ओतू नका. हातमोजे घाला. थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश रिमूव्हर यांतलं काहीही जवळ आणू नका, प्लास्टिक विरघळतं.

गळती स्प्रिंगपाशी थांबली असं समजू नका. तारेच्या वेष्टणाच्या आतून ती वर चढते. तार बाहेरून लाल-काळी, व्यवस्थित दिसते, पण सोलली की आत तांबं हिरवं-काळं पडलेलं असतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही. चकचकीत तांबं लागेपर्यंत कापत जा. नाही लागलं तर पूर्ण तार बदला.

खरी परीक्षा: हळू रूपांतर

हे सगळं ठीक असूनही दोष राहिला, तर आता मुख्य काम. रोबोट चालू करा, सगळ्यात लांब आवाज लावा, आणि तो वाजत असताना एकेक सांधा अगदी सावकाश फिरवा. एका वेळी एकच सांधा, बाकीचे हातात घट्ट धरून. लक्ष कानाकडे आणि कोनाकडे.

एखादा सांधा दर वेळी त्याच कोनात आला की आवाज जातो, आणि तिथून मागे आणला की येतो: त्या सांध्यातली तार आतून तुटलीय. वेष्टण शाबूत, पण आतले बारीक तंतू एकेक करून गेलेत, उरलेले कोनावर अवलंबून भेटतात. कोन कुठलाही असो, पण टिचकी मारली की बंद-चालू होतं: सेलची स्प्रिंग सैल आहे, किंवा सोल्डर निखळलंय. झाकणावर बोट दाबून धरल्यावर चालतं: स्प्रिंगच. सेल काढून ती बोटाने किंचित बाहेर ओढा. मधे ॲल्युमिनियमच्या कागदाची घडी घालू नका, ती सरकली की सेल शॉर्ट होतात. आवाज चालू राहतो पण दिवाच जातो: मुख्य पुरवठा ठीक आहे, फक्त त्या दिव्याची तार बघा. आवाज जाऊन परत आला आणि सुरुवातीची धून वाजली, तर पुरवठा क्षणभर पूर्ण तुटलाय. धून न वाजता आवाज जिथे होता तिथून पुढे चालू झाला, तर चिप जागीच होती, स्पीकरची तार संशयित.

ही लक्षणं कागदावर लिहून ठेवा. स्वतः उघडणार असाल तर कुठून उघडायचं ते कळतं. दुकानात देणार असाल तर 'चालत नाही' म्हणण्यापेक्षा 'डावा खुबा अर्ध्यावर आला की डोळे जातात' हे सांगणं दुरुस्त करणाऱ्याचा बराच वेळ वाचवतं. तो वेळ न मिळाल्यामुळेच तर 'बोर्ड गेला' असं उत्तर येतं.

उघडताना

जपानी खेळण्यांचे स्क्रू साध्या फुलीच्या स्क्रूसारखे दिसतात पण खाच वेगळी असते. त्यासाठी जेआयएस (जपानी मानकाच्या) टोकाचा स्क्रूड्रायव्हर वापरा, नाहीतर डोकं झिजतं आणि मग तो स्क्रू कधीच निघत नाही. स्क्रूंच्या लांब्या वेगवेगळ्या असतात. कागदावर रोबोटचं ढोबळ चित्र काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी चिकटपट्टीने लावा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर रंगवलेल्या छातीतून बाहेर डोकावतो. शेवटचे दोन स्क्रू काढताना रोबोट मोठ्या पारदर्शक पिशवीत धरा. आतली खटक्याची छोटी स्प्रिंग उडाली तरी पिशवीतच राहते. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो.

तार तपासायला मल्टीमीटर बीपवर ठेवा, दोन टोकं धरा आणि तार वाकवत न्या. बीप तुटला ती जागा. तिथे नुसता जोड मारून भागत नाही, कारण जोड कडक असतो आणि तार पुढच्या खेपेस त्याच्या कडेला तुटते. एका बाजूच्या सोल्डरच्या टाक्यापासून दुसऱ्या बाजूच्या टाक्यापर्यंत पूर्ण नवी तार घाला. सिलिकॉन वेष्टणाची, २८ किंवा ३० गेजची, पुष्कळ बारीक तंतूंची. सांध्यापाशी तिला झोळ द्या. आणि शक्य असेल तर ती सांध्याला आडवी न नेता आसाच्या दिशेने न्या. आडवी तार दर रूपांतरात एकाच जागी मोडते. आसातून गेलेली तार फक्त पिळली जाते, तो पीळ तिच्या पूर्ण लांबीवर वाटला जातो, आणि ती कितीतरी पट टिकते. चांगल्या बनावटीच्या रोबोटमध्ये आणि स्वस्तातल्यामध्ये मला दिसलेला सगळ्यात मोठा फरक हाच आहे. बाहेरून तो अजिबात दिसत नाही.

सोल्डर करताना हात उचलता ठेवा. या अंगाचं प्लास्टिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं आणि सोल्डरिंग आयर्नचं टोक ३०० च्या वर असतं. गरम डिंकाच्या (हॉट ग्लू) गोळ्याने तार बसवायची असेल तर सांध्यापासून लांब. सगळे स्क्रू आवळण्याआधी आवाज चालू ठेवून पुन्हा तीच हळू रूपांतराची परीक्षा घ्या.

एक वेगळा दोषही इथेच सांगतो, कारण तो सेलच्या नावावर खपतो: शोकेसमध्ये नुसता ठेवूनही काही दिवसांत सेल संपतात. झोपलेल्या खेळण्याने अगदी नगण्य वीज घ्यायला हवी. एका सेलच्या टोकाशी मल्टीमीटर ओळीत लावून मोजा. मायक्रोॲम्पिअरमध्ये आकडा दिसला तर ठीक, काही मिलिॲम्पिअर दिसले तर कुठला तरी खटका दाबलेलाच राहतोय. बहुधा रूप ओळखणाराच, शोकेसमधल्या वाकड्या पोजमुळे. पोज बदला, आकडा पडतो का बघा.

घेताना काय पाहायचं

नव्या खेळण्यावर आयएसआय चिन्ह आहे का बघा. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना ते सक्तीचं आहे, आणि विजेवर चालणाऱ्यांसाठीचं मानक आयएस १५६४४ आहे. कप्प्याला स्क्रू, उष्णतेला टिकणारं प्लास्टिक, तापमानाच्या मर्यादा, हे सगळं त्यामागे येतं. तुळशीबागेत बाहेर मांडलेल्या मालात हे चिन्ह नसलेली नक्कल दिसली तर लहान मुलासाठी घेऊ नका, ती कितीही बोलकी असली तरी.

मग रचना. सेल, बोर्ड, स्पीकर आणि दिवे सगळे धडातच असतील तर तार एकही सांधा ओलांडत नाही. असा रोबोट वर्षानुवर्षं टिकतो. डोळे उजळण्यासाठी डोक्यात दिवा असण्याची गरज नसते. धडातल्या एका एलईडीचा उजेड पारदर्शक प्लास्टिकच्या दांडीतून डोळ्यांपर्यंत नेता येतो, आणि डोकं मोकळं फिरतं. हे दिसलं की रचनाकाराने विचार केलाय असं समजा. उलट, सेल पायात, दिवा हातात, आवाज पाठीत असं असेल तर प्रत्येक रूपांतर तारांची परीक्षा आहे.

सेल घालूनच पारखा. तीन अल्कलाइन पेन्सिल सेल मिळून पस्तीसेक ग्रॅम होतात, आणि ते पाठीत असतील तर रिकामा असताना ताठ उभा राहणारा रोबोट सेल घातल्यावर मागे कलंडतो. घोट्याचे आणि खुब्याचे सांधे करकरत टप्प्याटप्प्याने फिरणारे असतील तर हे वजन पेलतं; नुसत्या घर्षणावरचे असतील तर महिन्या-दोन महिन्यांत ढिले पडतात. दुकानदाराला सांगून दोन्ही रूपांत आवाज ऐका, आणि मधल्या अर्धवट अवस्थेतही.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जुनं काही हाती लागलं, तर पहिल्यांदा सेलचा कप्पा उघडून वास घ्या आणि हिरवा-पांढरा थर बघा. ८०-९० च्या दशकांतली सोनेरी, आत चमकीच्या लाटा दिसणारी प्लास्टिकची अंगं असतील तर तिथल्या तिथे रूपांतर करून बघू नका. त्या प्लास्टिकचा ठिसूळपणा कुप्रसिद्ध आहे, हातातच भुगा होतो. त्यावर कुठलाही उपाय नाही.

स्वतःहून रूप बदलणारे रोबोट हा वेगळा प्रकार. हॅसब्रो आणि रोबोसेनने २०२१ मध्ये आणलेल्या ऑप्टिमस प्राइममध्ये २७ सर्वो मोटर आणि ६० मायक्रोचिप आहेत. अशात लिथियमची चार्ज होणारी बॅटरी असते. ती फुगलेली दिसली, अंग नेहमीपेक्षा गरम लागलं किंवा झाकण उचललं गेलं असेल तर चार्जिंग बंद करा आणि घरी उघडू नका. माहितीच्या माणसाकडेच न्या.

संपलेले सेल कचऱ्यात मोकळे टाकू नका. बटण सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळी पुडी करा आणि दाराशी येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ताईंना काय आहे ते सांगून द्या. आणि रोबोट पावसाळ्यासाठी बांधून ठेवणार असाल, तर सेल आधी काढून घ्या आणि अंग गाडीच्या किंवा रोबोटच्या पूर्ण रूपात ठेवा, अर्धवट वळलेलं नको. अर्धवट ठेवला तर आतली तार चार महिने वाकलेलीच राहते.